जयपूरचा पाय

वाचकहो, आपल्या शेतात तुषार सिंचनाचा संच असेल, तर त्याचे काळे पाइप आपण कितीदा तरी खांद्यावरून या वाफ्यातून त्या वाफ्यात नेले असतील. उन्हात पडून राहिले तरी ते लवकर तडकत नाहीत, अंगावर बैल गेला तरी चेपतात आणि पुन्हा वर येतात. एचडीपीई म्हणतात त्या प्लॅस्टिकला, आणि दुकानदारही तेच नाव सांगतो. याच जातीच्या पाइपापासून माणसाचा पाय तयार होतो आणि त्या पायावर माणूस चिखलात उतरतो, बांध चढतो, म्हशीखाली उकिडवा बसून धार काढतो, असे मी म्हटले तर आपण म्हणाल की साहेब आता प्रदर्शनातल्या स्टॉलवाल्यासारखे बोलू लागले. म्हणून ऐकीव काही न सांगता पाहिलेलेच सांगतो. जानेवारी २०२४ मध्ये मी आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याबरोबर जयपूरला जाऊन आलो. ही हकिगत त्या प्रवासाची आहे आणि त्या पायाचीही.

हे शेतकरी म्हणजे आमचे तात्या. बार्शी तालुक्यात त्यांची सहा एकर जमीन आहे. खरिपात सोयाबीन, तूर आणि विहिरीच्या पाण्यावर कांदा. साठीला टेकलेले, पण कामाला वाघ. जून २०२३ मध्ये पेरणीआधी रान तयार करताना रोटाव्हेटरच्या पात्यांत ठिबकची जुनी नळी गुंडाळली गेली. पुतण्या ट्रॅक्टरवर होता. त्याने ट्रॅक्टर उभा केला, पण पीटीओ बंद केला नाही. पाती फिरतच होती. तात्यांनी टाचेने नळी ढकलायला पाय पुढे केला. पुढचे वर्णन करीत नाही. सोलापुरात डाव्या पायाचा गुडघ्याखालचा भाग काढावा लागला. गुडघा मात्र वाचला. तो वाचला याचे मोल किती, हे आम्हांला जयपूरला गेल्यावर कळले.

दवाखान्यातून घरी आल्यावर तात्या चार महिने ओसरीवर बसून होते. ज्या माणसाने आयुष्यात दुपारी पाठ टेकली नाही, त्याला दिवसभर खाटेवर बसणे म्हणजे शिक्षाच. त्यांना एक गोष्ट फार छळत असे. नसलेल्या पायाच्या अंगठ्याला खाज येई. रात्री उठून हात लावायला जावे तर तिथे अंथरूण! घरच्यांना वाटले, तात्यांच्या डोक्यावर परिणाम झाला. तसे काही नसते. पाय गेला तरी त्या पायाच्या शिरा मेंदूला निरोप धाडत राहतात आणि मेंदू जुन्या सवयीने अंगठा आहे असेच धरून चालतो. बहुतेकांना हा अनुभव येतो. आपल्या घरात कोणाला असे झाले तर त्याला वेड्यात काढू नका.

आम्ही तिघे निघालो. तात्या, वहिनी आणि मी. कुर्डुवाडीहून मुंबई, आणि संध्याकाळी मुंबई सेंट्रलहून जयपूरची गाडी. तात्यांच्या दोन्ही बगलेत कुबड्या. फलाटावर गर्दीने त्यांना वाट करून दिली, ते त्यांना आवडले नाही. "साहेब, लोक वाट सोडतात ते मानानं नव्हे, भीतीनं. म्हातारा अंगावर पडंल म्हणून," असे म्हणाले आणि डब्यात चढताना माझा हात घेतला नाही.

रात्री बडोदा, रतलाम केव्हा गेले कळले नाही. उजाडले ते कोट्याला. कोटा सोडल्यावर चंबळ ओलांडली. खोल दरीतून वाहणारे तिचे निळसर पाणी पाहून वहिनींनी आपल्या सवयीप्रमाणे खिडकीतून एक नाणे टाकले. मग सुरू झाली मोहरी. वाचकहो, पिवळ्या रंगाचे एवढे मोठे रान आपल्याकडे पाहायला मिळत नाही. दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथपर्यंत मोहरीच मोहरी. एक-दोन पाण्यांत येणारे हे पीक. थंडी जितकी पडेल तितके खूश. तात्या पहिल्यांदाच खुलले. खिडकीला नाक लावून विचारू लागले, एकरी बियाणे किती लागते, पेर कधी असते, मावा पडतो का? मी म्हणालो, मावा पडतो, तोच मोहरीचा मोठा शत्रू. तात्या म्हणाले, "मग आपली करडई काय वाईट?" सवाई माधोपूरला पेरू घेतले. त्या भागातल्या पेरूचे नाव मी ऐकून होतो. ते खोटे नाही.

दुपारी जयपूर आले. थंडी अशी की उन्हात बसावेसे वाटावे आणि सावलीत शाल लागावी. सवाई जयसिंगाने १७२७ मध्ये हे शहर वसवले. चौकोन आखून, रस्ते सरळ सोडून, एकेका धंद्याला एकेक गल्ली देऊन. कुठे लाखेच्या बांगड्या, कुठे रंगारी, कुठे तांब्या-पितळेची ठोकठोक. एका गल्लीत तर नुसत्या संगमरवरी मूर्ती. आपल्या गावच्या देवळात पांढऱ्या दगडाची राम-सीतेची किंवा दत्ताची मूर्ती बसवली असेल, तर ती याच गल्लीतून आलेली असण्याचा संभव मोठा. दगडाच्या पांढऱ्या धुळीत माखलेले कारागीर छिन्नीने बोटे कोरत होते. हाताची बोटे, पायाची बोटे, नखेसुद्धा. तात्या तिथे बराच वेळ कुबड्यांवर रेलून उभे राहिले. या शहराचे हे कसब मुद्दाम सांगतो, कारण जयपूरचा पाय डॉक्टरांच्या विद्येतून निघाला तितकाच कारागिराच्या हातून निघाला. आणि माझ्या मते कारागिराचे नाव आपल्याकडे जितके व्हावे तितके झाले नाही.

ती गोष्ट अशी. साठ सालानंतरच्या काळात जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हे हाडांचे शल्यचिकित्सक होते. पाय तुटलेल्यांना त्या वेळी परदेशी धर्तीचा कृत्रिम पाय मिळे. तो घट्ट घोट्याचा. वरून बूट घातल्याशिवाय चालता येत नसे. साहेबी मुलखात ठीक आहे. तिथे माणूस खुर्चीवर बसतो, टेबलावर जेवतो, बूट घालूनच वावरतो. आपला माणूस जमिनीवर मांडी घालून जेवतो, उकिडवा बसून खुरपतो, शौचाला उकिडवा बसतो, देवळात अनवाणी जातो, भाताच्या खाचरात पोटरीभर पाण्यात उभा राहतो. त्या पायाने यांतले काहीच होत नसे. बुटात पाणी शिरे, आतला पाय खराब होई. मग खेड्यातला माणूस तो पाय घरी खुंटीला टांगून ठेवी आणि पुन्हा कुबड्या घेई. डॉक्टरांनी पाय दिला म्हणजे काम झाले असे नाही, तो माणूस घरी जाऊन त्या पायाने काय करतो ते पाहिले पाहिजे, हे सेठींना उमगले. आमच्या खात्यातही हेच असते हो. बियाणे वाटले म्हणजे पीक आले असे नव्हे.

त्याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर रुग्णांना हस्तव्यवसाय शिकवायला येत. लोक त्यांना मास्टरजी म्हणत. शाळा फारशी शिकलेले नव्हते, पण हातात कला. सांगतात की एकदा त्यांच्या सायकलचे चाक पंक्चर झाले. दुकानात गेले तर तिथे ट्रकच्या टायरला रबर चढवण्याचे काम चालू होते. जे रबर दगडगोट्यांवरून टनावारी ओझे नेते, ते माणसाचे ओझे नेणार नाही का? हा विचार घेऊन मास्टरजी डॉक्टरांकडे गेले. मग खटपटी सुरू झाल्या. पहिले नमुने जड झाले, काही थोड्याच दिवसांत फाटले. डॉ. कासलीवाल आणि डॉ. उदावत यांचाही यात हात होता. १९६८-६९ च्या सुमारास जो पाय तयार झाला, तो आजचा जयपूर फूट.

त्याची आतली रचना मी समजून घेतली, ती आपल्याही उपयोगाची आहे. टाच आणि पुढचा पंजा स्पंजासारख्या हलक्या रबराचा, म्हणजे चपलेच्या तळव्याला असते तशा. घोट्याच्या जागी लाकडाचा ठोकळा, त्यातून बोल्ट. या तिन्हींवर टायरमध्ये असतो तसा दोऱ्याचा थर गुंडाळायचा, तळव्याला टायरचेच चिवट रबर, आणि वरून कातडीच्या रंगाचे रबर. मग हे सारे पायाच्या आकाराच्या साच्यात घालून वाफेवर शिजवायचे, की एकजीव होते. बाहेर काढल्यावर पाहाल तर पाचही बोटे वेगवेगळी! आणि मुख्य म्हणजे तो पाय हाताने वाकवला तर सगळ्या बाजूंना वाकतो. पंजा वर येतो, म्हणून उकिडवे बसता येते. थोडा आत-बाहेर कलतो, म्हणून ढेकळांच्या रानात किंवा बांधाच्या उतारावर माणूस कोलमडत नाही. बुटाची गरज नाही आणि पाण्याची भीती नाही.

या पायाचे पेटंट घेतलेले नाही. कोणीही करावा, कोणीही द्यावा. डॉ. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी पद्मश्रीही. ते २००८ मध्ये गेले. पण रुग्णालयाच्या एका खोलीत वर्षाला मोजके पाय होत होते ते लाखो माणसांपर्यंत पोचले, ते आणखी एका माणसामुळे. देवेंद्रराज मेहता हे सनदी अधिकारी. १९६९ मध्ये मोटार अपघातात त्यांचा स्वतःचा पाय जाता जाता वाचला. त्यांनी १९७५ मध्ये भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. रीत अशी ठेवली की पाय तुटलेला माणूस दिवसा-रात्री केव्हाही आला तरी त्याला दारातून परत पाठवायचे नाही. राहण्या-जेवणाची सोय करायची आणि पाय फुकट द्यायचा. याच पायावर मुंबईची नर्तकी सुधा चंद्रन १९८४ मध्ये पुन्हा रंगमंचावर उभी राहिली. 'नाचे मयूरी' हा १९८६ चा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी तंबूत पाहिला असेल. अफगाणिस्तानात सुरुंगांनी पाय गेलेल्या कितीतरी लोकांपर्यंतही हाच पाय गेला.

आता तात्यांकडे येतो. समितीच्या आवारात शिरलो तेव्हा मला वाटले होते की दवाखान्यासारखी उदास शांतता असेल. प्रत्यक्षात तो लोहार-सुताराचा कारखाना वाटला. इकडे कानस चालते आहे, तिकडे भट्टीतून तापलेला पाइप निघतो आहे, मध्येच पोरे हसताहेत. बाकावर बिहारचा मजूर, मध्य प्रदेशातली रेल्वेखाली सापडलेली बाई, राजस्थानातले दोन गुराखी. एकाचा पाय साप चावल्यावर सडला होता. गावात मंत्र घालण्यात दोन दिवस गेले. मधुमेहाने पाय गेलेले तर पुष्कळ. यंत्राने, गाडीखाली पाय जातो हे आपण जाणतो, पण साध्या टाचेच्या जखमेकडे दुर्लक्ष झाल्याने मधुमेह्याचा पाय जातो हे ध्यानात घेत नाही. घरात कोणाला साखर असेल तर त्याचे तळवे रोज संध्याकाळी बघत चला. त्याला स्वतःला काटा टोचलेला कळत नाही.

पहिल्या दिवशी नोंद झाली. एका तरुण कारागिराने तात्यांचा पाय गुडघ्यापासून खालपर्यंत दाबून पाहिला, गुडघा वाकवायला-सरळ करायला लावला आणि म्हणाला, "बाबाजी, घुटना बहुत अच्छा है, किसने कसरत करवाई?" ती वहिनींची मेहनत. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितले होते की गुडघ्याखाली उशी ठेवू नका. उशी ठेवली की बरे वाटते खरे, पण गुडघा वाकडाच आखडतो आणि मग पाय बसवता येत नाही. वहिनींनी उशी काढून टाकली आणि दिवसातून तीनदा पाय सरळ करवून घेतला. तात्यांनी शिव्या दिल्या, त्यांनी ऐकून घेतल्या. शिवाय लवचिक पट्टी खालून वर घट्ट बांधत गेल्या, त्यामुळे सूज उतरून पाय नीट आकाराला आला होता. गुडघा शिल्लक असला की खालचा पाय बसवणे सोपे जाते आणि चालायला जोर कमी लागतो. गुडघ्यावरून पाय गेला असेल तर कृत्रिम गुडघाही लावावा लागतो. तोही तिथे मिळतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी समितीबरोबर स्वस्त गुडघा बनवला, त्याचा २००९ मध्ये खूप गाजावाजा झाला होता. पण गुडघ्यावरून पाय गेलेल्या माणसाला शिकायला वेळ लागतो आणि दमही जास्त लागतो. हे तिथे चालणाऱ्यांकडे पाहिले की सांगावे लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माप. राहिलेल्या पायावर, ज्याला ते लोक स्टंप म्हणतात, ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळल्या. वाळल्यावर टोपीसारखे आवरण निघाले. त्यात प्लास्टर ओतून तात्यांच्या पायाची हुबेहूब प्रतिकृती केली, आणि मग कारागीर ती कानशीने घासू लागला. कुठे घासायचे आणि कुठे भर घालायची, यातच सारी विद्या आहे. आपल्याला वाटते, माणसाचे वजन तुटलेल्या टोकावर पडत असेल. तसे पडले तर दोन दिवसांत जखम होईल. गुडघ्याच्या वाटीखाली बोटाने दाबून पाहा, एक जाड दोरी लागते. वजन मुख्यतः तिथे पेलायचे असते. म्हणून तिथे खोलगट करतात आणि हाडाच्या धारेपाशी मोकळे सोडतात. मग भट्टीत कणकेसारखा मऊ केलेला पाइप त्या साच्यावर ओढला. आपल्या पाइपासारखाच, फक्त रंग कातडीचा. आतली हवा शोषून घेतली की पाइप साच्याला चिकटून बसतो. थंड झाल्यावर कापून, घासून खालच्या टोकाला रबरी पंजा स्क्रूने जोडला. पूर्वी हे आवरण ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे, ठोकून ठोकून करीत. पाइप आला आणि वजन व वेळ दोन्ही वाचले.

संध्याकाळी तात्या उभे राहिले. दोन आडव्या दांड्यांच्या मध्ये, दोन्ही हातांनी घट्ट धरून. पहिले पाऊल टाकले आणि तोंड वाकडे केले. मला धस्स झाले. कारागीर म्हणाला, कुठे लागते ते बोटाने दाखवा. तात्यांनी दाखवले. त्याने पाय काढला, आतून गरम करून चिमूटभर जागा मोकळी केली, पुन्हा चढवला. असे तीन वेळा. चौथ्या वेळी तात्या काही न बोलता टोकापर्यंत गेले आणि वळले. मग कारागीर म्हणाला, "बाबाजी, अब उकडू बैठ के दिखाओ." तात्या घाबरले. म्हणाले, पडंन. तेव्हा त्या पोराने आपली पँट गुडघ्यापर्यंत वर केली. त्याचाही उजवा पाय रबराचा! सकाळपासून तो आमच्यासमोर पळत होता, साचे उचलत होता, आमच्या कोणाच्या ध्यानात आले नाही. तिथे काम करणारे असे बरेच जण आहेत. तो खाली उकिडवा बसला आणि तात्यांच्या हाताला धरून त्यांना बसवले. तात्या बसले. बसल्या बसल्या त्यांनी उजव्या हाताने फरशीवर खुरपल्यासारखी दोन-तीनदा बोटे ओढली. वहिनी पदर डोळ्यांना लावून बाहेर गेल्या.

तिसरा दिवस सरावाचा. संध्याकाळी आम्ही गोविंददेवजीच्या दर्शनाला गेलो. देवळाच्या दाराशी तात्यांनी दोन्ही पायांतल्या चपला काढल्या. हो, दोन्ही, चपलाही जोडीनेच घेतल्या होत्या. आरतीच्या गर्दीत एका बाईने त्यांना धक्का मारून पुढे ढकलले. तात्या खूश होऊन माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा साहेब, आता कुनी वाट सोडत न्हाई."

हे सारे लिहिताना एक गोष्ट झाकून ठेवणे बरोबर नाही. त्याच बाकावर बुंदीकडचा एक पोरगा होता, विशीतला. कडबाकुट्टी यंत्रात उजवा हात मनगटाच्या वर गेलेला. हातासाठीही तिथे प्लॅस्टिकचा हलका पंजा देतात. दुसऱ्या हाताने बोटे हलवून पकड घट्ट-सैल करता येते. कोपराखाली थोडा हात शिल्लक असेल तर तो बसतो. पोराने त्यात पेला धरला, पेन धरले, सायकलची मूठ धरली. सगळ्यांनी शाबासकी दिली. मग तो मला हळूच म्हणाला, "साहब, गाय की रस्सी में गाँठ लगाकर देखी. नहीं लगी." पायाचे काम ओझे पेलण्याचे आणि पुढे जाण्याचे, ते रबर आणि पाइप करू शकतात. हाताचे काम निराळे. मिरची तोडताना कोणती पिकली हे बोटांना कळते, पिशवीत हात घातला की बियाणे ओलसर आहे हे कळते. विजेवर चालणारे परदेशी हात लाखांच्या घरात जातात, आणि तेही आपल्या बोटांच्या जवळपास पोचत नाहीत. ऋग्वेदात अश्विनीकुमारांनी विश्पलेला रणात तुटलेल्या पायाच्या जागी लोखंडाचा पाय दिल्याची कथा आहे. तिथेही पायच आहे हो.

आणि यंत्रांत बळी जातो तो जास्त करून हाताचाच. मळणी यंत्रांनी पंजाब-हरयाणात इतके हात खाल्ले की १९८३ मध्ये केंद्र सरकारला धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. मळणी यंत्राच्या घाशीला लांब आणि निम्मे झाकलेले तोंड हवे, म्हणजे हात ड्रमपर्यंत पोचत नाही. गावातल्या वेल्डरने स्वस्तात केलेल्या यंत्रांना पुष्कळदा ते नसते, किंवा असले तरी काम उरकावे म्हणून काढून ठेवलेले असते. रात्री उशिरापर्यंत मळणी चालू असते, माणूस पेंगुळलेला असतो, अंगात सैल सदरा, मनगटात कडे. या हंगामात आपल्या खळ्यावर यंत्र येईल तेव्हा भाव ठरवण्याआधी त्याचे तोंड पाहा. रोटाव्हेटरचे सांगायचे तर, पात्यांत काही अडकले की आधी पीटीओ बंद, मग इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि मगच खाली उतरायचे. तात्यांचा पुतण्या हे आता कोणालाही न विचारता सांगतो.

जयपूर लांब पडत असेल तर जवळही सोयी आहेत. पुण्यात सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. ते महायुद्धातल्या जखमी जवानांसाठी निघाले, पण तिथे नागरिकांनाही अवयव बसवून मिळतात. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून हेच काम करते. जयपूरच्या समितीच्या शाखा आहेत आणि शिबिरेही होतात. शिबिरात पाय घ्यायला हरकत नाही, पण एक ध्यानात ठेवा; पाय बसवल्यावर दुरुस्तीला आठ-पंधरा दिवसांत परत जाता येईल अशी जागा पाहा. पहिला पाय पहिल्याच दिवशी चपखल बसला असे फार थोड्यांच्या बाबतीत होते. पुढे स्टंप बारीक होतो, आवरण सैल पडते. अपंगत्वाचा दाखला जिल्हा रुग्णालयातून काढून घ्यावा. शेतकऱ्याला अपघातात एक हात किंवा एक पाय गेल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून एक लाख रुपये मिळतात, दोन अवयव गेल्यास दोन लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करायचा, आणि दवाखान्याच्या धावपळीतही तो विसरायचा नाही. उशीर झाला की कागद अडतो. सातबारा आणि दवाखान्याचे कागद एका पिशवीत ठेवले तर निम्मा त्रास वाचतो.

आणखी एक कबूल करायला हवे, की हा पाय म्हणजे चमत्कार नव्हे. परदेशातल्या नव्या पायांच्या मानाने तो जड आहे. रबर झिजते, तडे जातात, तीन-चार वर्षांत बहुधा बदलावा लागतो. उन्हाळ्यात आवरणात घाम साचतो. आत सुती मोजा रोज धुतलेला हवा. रात्री झोपताना पाय काढायचा, स्टंप साबणाने धुऊन कोरडा करायचा आणि लाल झाले असेल तर दुसऱ्या दिवशी पाय घालायचा नाही, मग कामाचा कितीही खोळंबा होवो. इथेच आपला शेतकरी चुकतो. तात्यांनी पहिल्याच पावसाळ्यात, कांद्याच्या रोपांसाठी म्हणून, सलग तीन दिवस पाय अंगावेगळा केला नाही आणि चौथ्या दिवशी फोड घेऊन बसले. वहिनींनी पाय उचलून कपाटात कुलूपबंद केला. फोड बरा होईपर्यंत किल्ली दिली नाही.

आता ते सकाळी शेतात जातात आणि दुपारी घरी येऊन तासभर पाय काढून बसतात. नांगरट आणि फवारणी पुतण्याकडे. खुरपणी, पाणी देणे, धारा त्यांच्याकडे. पाटाच्या पाण्यात उभे राहून वाफा फोडताना डाव्या पायाला गारवा लागत नाही, एवढीच त्यांची तक्रार. बांधावर त्यांनी या वर्षी दोन ओळी मोहरी टोकली आहे. मावा आला का म्हणून विचारले, तर म्हणाले, अजून तरी नाही; आला तर तुमच्याकडेच घेऊन येतो, कोणते औषध ते तुम्ही सांगा. टाचेचे रबर मात्र एका बाजूने झिजू लागले आहे. गहू काढून झाला की जयपूरला पत्र घालायचे आहे.